फी नको, वार द्या

काका कुणाच्या घरी गेले की पुढच्या खोलीत थांबत नसत. चपला दारात, छत्री कोपऱ्यात आणि स्वतः थेट स्वयंपाकघरात. तिथे पातेल्यावरचं झाकण उचलून वरणाचा वास घ्यायचा, डब्यातली पोळी बोटाने दाबून बघायची आणि घरच्या बाईला सांगायचं, "तुमच्याकडे शुक्रवार." विचारायचे नाहीत हं, सांगायचे. बदली होऊन नव्यानेच उज्जैनला आलेली एखादी बाई बिचारी भांबावून जायची. शुक्रवारी काय, असं ती विचारायची. "शुक्रवारी एक मुलगा दोन्ही वेळ जेवायला येईल. कॉलेजात शिकतो. कारलं खात नाही म्हणतो, पण तुम्ही करा. शिकेल." एवढं बोलून छत्री उचलून चालते व्हायचे.

वार लावून जेवणं म्हणजे काय, हे आता माझ्या शाळेतल्या मुलांना सांगितलं तर त्यांना ती पणजोबांची गोष्ट वाटते. गरीब घरचा मुलगा शिकायला शहरात यायचा. सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या. अशी सात घरं जुळली की आठवडा निघाला आणि शिक्षणही निघालं. महाराष्ट्रात म्हणे हे कधीच मोडीत निघालं होतं. आमच्या उज्जैनमध्ये मात्र, गल्लीगल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या, फ्रीगंजच्या दुकानांत रंगीत टीव्ही हप्त्याने मिळायला लागले, तरी ते चालू होतं. आणि ते चालू होतं फक्त ह्या एका माणसाच्या हट्टापायी. समाजात त्यांचं नावच पडलं होतं 'वारवाले काका'.

काका स्वतः धारला वार लावून मॅट्रिक झाले, मग जन्मभर पोस्टात नोकरी केली, आणि रिटायर झाल्यावर माधव नगरात छोटंसं घर करून काकूंबरोबर राहिले. मूलबाळ नव्हतं. धारच्या त्या सात घरांच्या गोष्टी इतक्या रंगून सांगायचे की ऐकणाऱ्याला भूक लागावी. कुणाकडची चिंचगुळाची आमटी, कुणाकडची ज्वारीची भाकरी, कुठली म्हातारी तूप वाढताना हात आखडायची आणि मग आपणच लाजून दुसऱ्यांदा वाढायची. "सात घरचं अन्न पोटात गेलंय माझ्या," छातीवर हात मारून म्हणायचे, "मी कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा आहे." काकू आतून ओरडायच्या, "सगळ्यांचे आहात ना, मग आज सगळ्यांकडेच जेवा. गॅस संपलाय."

वार लावून शिकलेली मी त्यांची पहिली मुलगी. आणि शेवटचीही. आधी सगळे मुलगेच.

माझे वडील आगरला शाळेत शिक्षक होते. मी बारावीला असताना गेले. आई म्हणाली, उज्जैनला बी.एस्सी. कर, पण मी पैसे कुठून आणू ते मला विचारू नकोस. कुणीतरी काकांचं नाव सांगितलं म्हणून ती मला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मुलगी?" म्हणाले आणि आत निघून गेले. आम्ही तशाच उभ्या. मग आतून काकूंचा आवाज आला, "का हो, मुलींना भूक लागत नाही का?" काका बाहेर आले आणि आईला म्हणाले, "लागते. ठेवून जा."

लोकांनी कमी त्रास दिला नाही त्यांना. मुलीची जात, उद्या काही झालं म्हणजे, आमच्या घरी तरणा मुलगा आहे, एक ना दोन. काकांनी एकेक घर पालथं घातलं. ज्या घरात त्यांना एवढंसं जरी खटकलं, तिथे ते पुन्हा फिरकले नाहीत. माझी सात घरं जुळवायला त्यांना अख्खा उन्हाळा लागला, उज्जैनचा उन्हाळा, आणि तेही सायकलवर. राहायला एका एकट्या आजींकडे, त्यांना सोबत म्हणून. मंगळवारचं जेवणही त्यांच्याकडेच. गुरुवार काकांनी स्वतःकडे ठेवला. आज मी रागाने काही बोलते तेव्हा हा उन्हाळा आधी आठवते, नाहीतर माझ्याकडून त्यांच्यावर अन्याय होईल.

फुकट जेवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. ज्या घरी जेवाल त्या घरचं काम करा. सोमवारी बँक मॅनेजरांच्या मुलाला मी गणित शिकवायची. त्या कार्ट्याला क्रिकेटच्या धावा सोडून कुठलेच आकडे कळत नसत, मग मी त्याला सरासरी धावांवरच शिकवली. आजींना दिसत नव्हतं, त्यांना पेपर वाचून दाखवायचा, त्यातही निधनवार्ता आधी. बुधवारच्या वहिनींकडे पापड, सांडगे, लोणची, काय म्हणाल ते. "हात हलला की मान वर राहते," हे काकांचं वाक्य. आणि दुसरा नियम, पैशाला हात लावायचा नाही. सणासुदीला कुणी पाकीट पुढे केलं तर दोन पावलं मागे सरायचं. "पैसे देणारा पावती मागतो," म्हणायचे, "जेवू घालणारा विचारतो, पोट भरलं का?"

कॉलेजची फी मात्र पैशातच भरावी लागते, तेव्हा त्यासाठी काकांनी मला टावर चौकाजवळच्या एका एस.टी.डी. बूथवर बसवलं. कॉलेज सुटलं की संध्याकाळपर्यंत तिथे. सोयाबीनचे व्यापारी काचेच्या खोक्यात शिरून इंदूरशी इतक्या जोरात बोलायचे की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. मधे मीटर टिकटिकत असायचं आणि मी मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसलेली. मालक सिंधी होता, भला माणूस. म्हणायचा, "बिटिया, तू पढ़, बस बिल में गड़बड़ मत करना." कमावलेला पैसा काकांना चालायचा. मिळालेला चालायचा नाही. तीन वर्षं मी अशी काढली आणि खरं सांगते, वाईट नव्हती. सात घरची माणसं माझी झाली होती. परीक्षेला जाताना सात जणी दही देणाऱ्या, हे भाग्य कुणाच्या वाट्याला येतं?

काकांचं एक सोफ्याशी वैर होतं. "सोफा आला की वार गेला," असं ते म्हणायचे आणि लोक हसायचे. पण तसं झालं खरं. घरं बदलत होती. पंगतीची जागा टेबलाने घेतली, टेबलाला चारच खुर्च्या, पाचवा माणूस बसवायचा कुठे? बायका नोकरीला लागल्या, एक वेळचा स्वयंपाक झाला. लोक वाईट नव्हते झाले, त्यांच्याकडे वेळ नव्हता आणि पैसा होता. मॅनेजरसाहेब एकदा हात जोडून म्हणाले, "काका, मी ह्या पोरीचं मेसचं बिल भरतो ना महिन्याचं. झंझटच नको." काका तिथून उठले ते सरळ घरी. मला म्हणाले, "आज बिल देतील. उद्या बिल महाग वाटेल. ताट कधी महाग वाटत नाही गं." दुसऱ्या सोमवारी मात्र मला त्यांनी त्याच घरी पाठवलं. भांडण त्यांचं होतं, जेवण माझं होतं.

बी.एस्सी.ला माझा कॉलेजात पहिला नंबर आला. आणि त्याच वर्षी मला एम.सी.ए.ला सीट मिळाली. तेव्हा कम्प्युटर म्हणजे काय होतं हे आज सांगून कळणार नाही. ज्याला कम्प्युटर येतो तो सरळ विमानात बसतो, अशी हवा होती. मी तो डबा एकदाच बघितला होता, विद्यापीठाच्या एका थंडगार खोलीत, चपला बाहेर काढून. देवळात शिरावं तसं सगळे हळू बोलत होते. मला ते फार आवडलं होतं. मला तेच करायचं होतं, दुसरं काहीच नाही. पण तिथली फी ऐकून आई नुसती बसून राहिली. एस.टी.डी. बूथवर जन्म काढला असता तरी ती निघाली नसती. आणि भरायची शेवटची तारीख अगदी तोंडावर.

त्याच आठवड्यात समाजाचा गुणगौरव समारंभ होता. मंगल कार्यालय, सतरंज्या, खुर्च्या फक्त पाहुण्यांना. मला स्टीलचा डबा आणि नारळ मिळाला. मी बायकांत येऊन बसते न बसते तोच स्टेजवरच्या प्रमुख पाहुण्यांनी माइक घेतला. फ्रीगंजमध्ये टीव्ही-फ्रिजची मोठी एजन्सी होती त्यांची, आपल्याच समाजातले, कष्टाने वर आलेले. म्हणाले, "ह्या मुलीला एम.सी.ए.ला सीट मिळाली आहे असं आत्ताच कळलं. तिची सगळी फी मी देतो. पूर्ण कोर्सची. बेटा, वर ये." आणि खिशातून चेकबुक काढलं. फोटोग्राफर पुढे सरकला.

मी उठले होते. हे मला नीट आठवतं, माझा एक पाय सतरंजीवर टेकलेला होता आणि दुसरा उचललेला.

तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "थांब गं."

सगळ्यांच्या माना वळल्या. काका छत्री टेकत पुढे आले. "साहेब, तुमची दानत मोठी आहे. पण माझी मुलं स्टेजवर चढून पैसे घेत नाहीत."

"अहो काका, भीक थोडीच आहे? चेक आहे."

"मग तिला घरी जेवायला बोलवा. वार द्या. चार महिने तुमच्या घरात वावरू द्या, तुमच्या पोराबाळांशी बोलू द्या. मग तिची फी भरा, मी स्वतः तिला घेऊन येईन."

एजन्सीवाले ओशाळं हसले. "घरी आहेच कोण काका? मी आणि मिसेस दोघं दुकानात. मुलं इंदूरला. आमचंच जेवण बाहेरून येतं. मैं वार कहाँ से दूँ?"

"मग तुमच्याकडे द्यायला आहे काय?" काका म्हणाले.

हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. "वा काका!" "असा बाणा पाहिजे!" म्हातारे तर डोळे पुसायला लागले. एजन्सीवाल्यांचा चेहरा पडला, त्यांनी चेकबुक खिशात घातलं आणि ते खाली बसले. माझ्या शेजारची बाई टाळ्या वाजवता वाजवता मला म्हणाली, "भाग्यवान आहेस हो, असा माणूस पाठीशी आहे." मी पण टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, मी एकटी काय करणार होते?

त्या हॉलमध्ये समाजाची इतकी माणसं होती. मला कुणी विचारलं नाही, तुला काय पाहिजे. एकानेही नाही.

रात्री काकांकडे जेवायला गेले, तेव्हा काकूंनी मला खुणेने आत बोलावलं. "तू बोल त्यांच्याशी," त्या हळूच म्हणाल्या. "तुझं ऐकतील. माझं ऐकत असते तर ह्या घरात फ्रिज नसता का आला?" मी चटणीची वाटी घेऊन बाहेर आले. काका पाटावर बसले होते, खुशीत होते, मला म्हणाले, "ये, बस, आज तुझ्या आवडीची भरली वांगी आहेत. बघ, आपण मान खाली घातली नाही." मी बसले आणि जेवले.

आता असं नाही की त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन विद्यापीठात गेले. मला वाटलं, काहीतरी सवलत वगैरे विचारतील. त्यांनी फीच्या खिडकीवरच्या बाबूला सांगितलं की ही मुलगी फी भरणार नाही, काम करेल. लायब्ररीत पुस्तकं लावेल, ऑफिसात पाणी भरेल, साहेबांच्या मुलांना शिकवेल, वाटेल ते काम सांगा. बाबूने आधी मस्करी समजून हसून घेतलं. मग म्हणाला, "काकाजी, फीस कैश या ड्राफ्ट. यहाँ और कुछ नहीं चलता." काका म्हणाले, "क्यों नहीं चलता? हाथ-पाँव हैं लड़की के." मागे रांगेतली मुलं हसत होती. काका तिथून हलेनात. एका खिडकीवरून दुसऱ्या, मग मोठ्या साहेबांच्या दारात. बाहेर बाकावर बसून राहिले, छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. साहेब जेवायला गेले ते आलेच नाहीत. मला त्यांची इतकी लाज वाटत होती आणि त्याच वेळी इतकी कीव येत होती की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

माझ्या सात घरच्या बायकांनी आपसांत ठरवलं होतं, सगळ्या मिळून पहिल्या वर्षाची तरी फी भरू. बुधवारच्या वहिनी स्वतः काकांकडे आल्या होत्या. काकांनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. "आज फी द्याल, मोकळ्या व्हाल. माणूस एकदा पैसे देऊन मोकळा झाला की दार लावून घेतो. मग ह्या पोरीमागून जी येईल, तिला कोण जेवू घालेल?" वहिनींना हे पटलं. त्या तशाच परत गेल्या. तारीख निघून गेली.

माझ्यामागून कुणी आलीच नाही. हे लिहिताना मला राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही. कारण काकांचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. पुढे आलेल्या मुलग्यांसाठी घरं खरोखरच पैसे द्यायला लागली, मेसची बिलं भरायला लागली, आणि वर्षा-दोन वर्षांत तेही थांबलं. काका म्हणाले होते तसंच झालं. फक्त माझी सीट गेली होती.

मी बी.एड. केलं, इथेच शाळेत लागले, इथेच लग्न झालं. संसार चांगला आहे, नवरा शहाणा आहे. शाळेत पहिला कम्प्युटर आला तेव्हा सायन्सची बाई म्हणून त्याची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणजे त्याच्यावर रोज कव्हर घालायचं. चालवायला इंदूरहून एक मुलगा यायचा. तो मला मॅडम म्हणायचा आणि मी त्याला विचारायची, हे काय, ते काय. मग विचारणं सोडलं.

काकांकडे जाणं मात्र मी कधी सोडलं नाही. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. काकू गेल्यावर तर ते फारच एकटे पडले. शिकायला कुणी येत नव्हतं, जायला घर उरलं नव्हतं. छत्री घेऊन माधव नगरात फिरायचे, कुणाच्या दारापर्यंत जायचे आणि जाळीचं दार लावलेलं बघून परत यायचे. एका बाईंनी त्यांना सेल्समन समजून "नहीं चाहिए" म्हटलं. ते त्यांनी मला हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

शेवटचं बोलणं त्यांच्याकडेच झालं, दिवाळीनंतरच्या एका दुपारी. मी फराळाचं घेऊन गेले होते. चकली त्यांना चावत नव्हती, चहात बुडवून खात होते. माझ्या मुलीचा विषय निघाला. तिला बँकेचं कर्ज मिळालं होतं इंजिनिअरिंगसाठी. काकांनी सगळं विचारून घेतलं, कर्ज म्हणजे कसं, कोण देतं, कधी फेडायचं. "म्हणजे कुणाच्या घरी जायला नको?" त्यांनी विचारलं. "नको काका. नुसती सही." त्यांनी चकली पुन्हा चहात बुडवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"त्या दिवशी मी थांब म्हटलं नसतं, तर तू चढली असतीस स्टेजवर?"

इतक्या वर्षांनी. मला वाटलं होतं ते विसरले. नाही म्हणणं किती सोपं होतं. म्हातारा माणूस, किती दिवसांचा सोबती, समाधानाने चहा प्यायला असता. पण माझ्या तोंडून खरंच निघालं.

"धावत चढले असते, काका."

त्यांनी मान डोलावली. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? तुमच्या पानावर जेवत होते ना."

म्हटलं आणि माझं मलाच कळलं, मी काय बोलून बसले ते. जन्मभर हा माणूस सांगत आला की अन्नाने माणूस मिंधा होत नाही, मान वर राहते, आणि त्याच्याच घरात बसून मी हे बोलले होते. मला वाटलं आता रागावतील. छत्री आपटतील. मी म्हटलं, "काका, तसं नाही, म्हणजे..."

"तसंच आहे," ते म्हणाले. चकलीचा तुकडा त्यांनी बशीत ठेवला. "मला वकील व्हायचं होतं. धारला ज्यांच्याकडे माझा शनिवार होता, त्यांनी मॅट्रिकचा निकाल लागला त्याच दिवशी मला पोस्टात चिकटवलं. सगळ्या घरांनी पेढे वाटले. मला म्हणाले, खूश ना रे?"

"मग?"

"मग काय," काका म्हणाले. "त्यांच्याकडेच जेवत होतो. हो म्हटलं."